चिपाडाचा कोळसा, शिशाची माती : मांजरीच्या वाफ्यांची नोंदवही

१२ जानेवारी २०२५, रविवार

हडपसरहून मांजरीकडे जाताना दादाची साडेतीन गुंठे जागा आहे. नऊ वर्षं भाड्याने होती. भाडेकरू गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचा. हे दादाला माहीत होतं. मातीचं काय होत असेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही. आता शेड उतरलंय आणि वहिनीला तिथे मेथी-पालक लावायचाय. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून सव्वीस वर्षं काढलीत, म्हणून वहिनीचा फोन आला, "ताई, बी टाकायच्या आधी तुम्ही एकदा बघून जा."

बरं झालं आधी बोलावलं. खुरप्याने चार बोटं माती उकरली तर काळ्या प्लॅस्टिकचे तुकडे आणि राखाडी लगदा वाळून झालेली भुकटी. शेडच्या कोपऱ्यात गवताचं पातंसुद्धा नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीचा पीएच ८च्या आसपास असतो. इथे मधल्या पट्ट्यात ६.१ आणि कोपऱ्यात ४.८ निघाला. बॅटरीतलं गंधकाम्ल नऊ वर्षं मुरलंय.

तीन पट्ट्यांतून प्रत्येकी पाच ठिकाणची वीतभर खोलीची माती घेऊन एकत्र केली आणि तीन नमुने तपासणीला दिले. त्या जागेवरच्या चपला आजपासून वेगळ्या. त्या घरात आणायच्या नाहीत, हे दादाला तीनदा सांगितलं.

२६ जानेवारी

अहवाल आला. एका किलो मातीत शिसं कोपऱ्यात १,९४० मिलिग्रॅम, मधल्या पट्ट्यात ४२०, रस्त्याच्या कडेला ५८. अंदाज यावा म्हणून सांगते, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने राहत्या घराच्या अंगणातल्या शिशासाठीची पातळी (त्यावर गेलं की नीट तपास करायचा) जानेवारी २०२४ मध्ये ४०० वरून २०० वर आणली.

कोपरा माझ्या आवाक्यातला नाही. तिथली माती उकरून रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या सामायिक सुविधेकडे पाठवणं हाच त्याचा मार्ग आहे. तोवर ताडपत्री, कडेने विटा आणि दोरी. माझा प्रयोग मधल्या पट्ट्यावर.

विचार असा की शेतातल्या टाकाऊ मालापासून सक्रिय कोळसा (बारीक छिद्रं वाढवलेला कोळसा) करायचा आणि तो मातीत मिसळून शिसं धरून ठेवायचं. कोळसा शिसं बाहेर काढत नाही. ते मातीतच राहतं, फक्त मुळांना आणि पाण्याला सहज मिळेनासं होतं.

मग हिशेब मांडला आणि पहिला घाम फुटला. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. वरची १५ सेंटिमीटर माती धरली तर साधारण १८ टन. दोन टक्के कोळसा म्हणजे ३६० किलो! मी तेलाच्या डब्यात कोळसा करायला निघाले होते. आता बेत बदलला. आधी कुंड्या, नंतर १ मीटर बाय २ मीटरचे वाफे. एका वाफ्याला ७.२ किलो लागेल, तेवढं जमण्यासारखं आहे.

२ फेब्रुवारी

कच्चा माल. पऱ्हाट्या आणि तुरकाट्या (कापसाच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या) आणायला लांब जावं लागतं. शेंगांची टरफलं एका तेलघाण्यावर मिळत होती, पण तो किलोवर पैसे मागत होता. टिळकांसारखं टरफलं उचलणार नाही म्हणायचा बाणेदारपणा परवडला असता, पण कारण खिशाचं होतं. शेवटी रसवंतीवाल्या काकांकडे गेले. उसाचं चिपाड त्यांना रोज कुठेतरी टाकावं लागतं. "घेऊन जा, वर ग्लासभर रस प्या," म्हणाले. टेम्पोला ३०० रुपये गेले आणि ४० किलो चिपाड आलं.

ते ४० किलो खरं तर २० किलोच होतं. नुकत्या पिळलेल्या चिपाडात निम्मं पाणी असतं. गच्चीवर पसरलं. माश्या, मुंग्या, मग मधमाश्या आल्या. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन बघून गेल्या, बोलल्या काही नाहीत.

९ फेब्रुवारी

भट्टी दादाच्या जागेवर. बाहेर दोनशे लिटरचा ड्रम, आत पंधरा किलोचा तेलाचा डबा. डब्यात चिपाड ठासून झाकण घट्ट आणि तळाला खिळ्याने पाडलेली सहा भोकं. बाहेरच्या ड्रममध्ये लाकूड पेटवायचं. आत हवा जात नाही, त्यामुळे चिपाड जळत नाही, भाजतं. त्यातून निघणारा वायू भोकांतून येऊन खालीच पेटतो.

पेटला नाही. चिपाड बाहेरून वाळलेलं आणि कांड्यांच्या आत ओलं होतं. दोन तास नुसता पांढरा, डोळे झोंबणारा धूर. पलीकडच्या गोठ्यातून एक गृहस्थ आले, "बाई, म्हशी खोकायला लागल्या." पाणी ओतून विझवलं. लाकूड गेलं, रविवार गेला.

आता कांडी मोडल्यावर काडकन आवाज आला तरच ती वाळली असं धरते.

१६ फेब्रुवारी

आज पेटला. वीस मिनिटांत तळातून निळसर-पिवळ्या ज्वाळा, धूर जवळजवळ नाही. तापमान मोजणारं थर्मोकपल डब्याला चिकटवलेलं होतं, ४५० अंशांपर्यंत गेलं. सव्वा तासाने ज्वाळा आपोआप बसल्या, म्हणजे आतला वायू संपला.

इथे मी उतावळेपणा केला. तासाभराने झाकण उघडलं. कोळसा छान काळाभोर, तुकडे जसेच्या तसे. फोटो काढेपर्यंत एका कोपऱ्यात लाल ठिणगी दिसली. फुंकर मारून विझते का बघितलं, ही तर शुद्ध मूर्खपणाची गोष्ट. पुन्हा झाकण लावलं ते नीट बसलं नाही. सकाळी दादाचा फोन, "अगं, तुझ्या डब्यात भस्म आहे. संकष्टीला उपयोगी पडेल."

डबा रात्रभर बंद ठेवायचा, झाकणाच्या कडेला आणि तळाच्या भोकांना ओली माती थापायची. हाताला थंड लागल्याशिवाय उघडायचा नाही.

२३ फेब्रुवारी

साध्या कोळशाची पहिली चांगली खेप. ५ किलो वाळक्या चिपाडातून १ किलो २५० ग्रॅम, म्हणजे पाव हिस्सा.

आता सक्रिय करण्याचं. वाफेने करायला ८००-९०० अंश लागतात, माझ्या ड्रमला ते झेपणार नाही. झिंक क्लोराइडने सोपं जातं, पण जस्त कोळशात थोडं राहतंच. एक जड धातू आवरायला दुसरा मातीत घालायचा, हे मला पटलं नाही. कॉस्टिक पोटॅशलाही ७००च्या वर न्यावं लागतं. उरलं फॉस्फोरिक आम्ल, त्याला ४५० अंश पुरतात. शिवाय फॉस्फेट शिशाला धरून पायरोमॉर्फाइट नावाचं अगदी कमी विरघळणारं खनिज बनवतं. म्हणजे धुवून उरलेलं थोडं फॉस्फेटही कामाचंच.

रविवार पेठेत ८५ टक्क्यांचं आम्ल किरकोळीत किलोला १८० रुपयांनी मिळालं. पाच किलो घेतलं. एक किलो वाळलेल्या चिपाडाला एक किलो आम्ल, आधी दोन लिटर पाण्यात हळूहळू ओतून पातळ केलेलं. पाणी आम्लात ओतायचं नाही, आम्ल पाण्यात. रात्रभर प्लॅस्टिकच्या टबात भिजवलं, दोन दिवस उन्हात वाळवलं. चिपाड तपकिरी होऊन चिकट झालं. हातमोजे आणि चष्मा घातला होता. वहिनी टबाकडे बघून म्हणाल्या, "लोणचं घातलंय वाटतं."

२ मार्च

आम्लवालं चिपाड तेलाच्या डब्यात भाजलं. दुसऱ्या खेपेला डब्याच्या बुडाला पाच रुपयांच्या नाण्याएवढं भोक. पत्रा आम्लाने खाल्ला. कोळशात गंजाचे पोपडे मिसळले, ती खेप फेकली. हे आधीच कळायला हवं होतं. सव्वीस वर्षं मुलांना आम्ल आणि लोखंडाची अभिक्रिया करून दाखवली मी.

स्टीलचा डबा घ्यावा का? त्या तापमानाला फॉस्फोरिक आम्ल स्टीललाही चावतं. म्हणून केशवनगरच्या कुंभारवाड्यातून दोन माठ आणले.

१३ मार्च, होळी

मुद्दाम आजचा दिवस धरला. धुराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. गोठेवाले तर नारळ टाकायला आले होते, त्यांना कसंबसं थांबवलं.

पहिला माठ तडकला. थेट ज्वाळेवर ठेवला होता. दुसरा आधी तासभर नुसत्या निखाऱ्यांजवळ तापवला, मग आत घेतला. तोंडावर कवेलूचा तुकडा आणि चिकणमाती-शेणाचा लेप, वायूला एक बोटभर वाट. टिकला. एक किलो चिपाडातून ४०० ग्रॅम कोळसा. साध्या कोळशापेक्षा उतारा बराच जास्त, आम्लाने तेवढा कार्बन वायू होण्यापासून वाचवला.

१६ ते २२ मार्च

आठवडाभर धुणं. एवढ्यावर सगळा प्रकल्प अडकेल असं वाटलं नव्हतं.

४०० ग्रॅम कोळसा, दर खेपेला चार लिटर गरम पाणी. ढवळा, बसू द्या, गाळा. पहिल्या पाण्याचा पीएच १.९. तिसऱ्याचा ३. पाचव्यालाही ३.६. गाळायला वहिनींची जुनी सुती साडी चार पदरी करून बादलीवर बांधली होती. बारीक भुकटीने ती बुजते, पाणी थेंबाथेंबाने उतरतं आणि मध्ये हात घातला की सगळं काळं पाणी खाली. सातव्या पाण्याच्या वेळी गाठ सुटली आणि निम्मा कोळसा बाथरूमच्या मोरीत. फरशीच्या सांध्यांतला काळा रंग अजून आहे. अकराव्या पाण्याला पीएच ६.३ आला. ४४ लिटर पाणी गेलं.

होळीच्या आधी, २ मार्चच्या पहिल्या डब्यातली बरी निघालेली २०० ग्रॅमची खेप मी तीनच पाण्यांनी धुतली होती. तीही बाजूला ठेवलीय, कुंडीत घालून बघू म्हणून.

धुण्याचं पाणी ओढ्यात सोडलं नाही. मुळा-मुठेत आधीच जलपर्णी माजलीय, तिला फॉस्फेटचा खुराक कशाला? पिंपात चुना घालून ते बसवलं. तळाला पांढरा साका बसतो तो कॅल्शियम फॉस्फेट.

मग करमणूक. मत्स्यालयाच्या दुकानातून मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाची बाटली आणली, लिटरभर पाण्यात दहा थेंब. एका बरणीत एक ग्रॅम साधा कोळसा, दुसरीत सक्रिय. दहा मिनिटं हलवल्या. साध्याचं पाणी निळंच. सक्रियचं नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. या बरणीने मला पुढे दोन महिने फसवलं.

३० मार्च, पाडवा

कुंड्या भरल्या. प्रत्येकी ४ किलो मधल्या पट्ट्यातली माती, ८० ग्रॅम कोळसा. चार प्रकार, प्रत्येकाच्या दोन-दोन कुंड्या. अ नुसती माती. ब साधा कोळसा. क तीन पाण्यांचा सक्रिय. ड अकरा पाण्यांचा सक्रिय.

कोरडा कोळसा मातीत मिसळत नाही, उडतो आणि पाण्यावर तरंगतो. एक कुंडी वाया घालवल्यावर कळलं. आता आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवते. कोरडी माती चाळताना मास्क हवाच. शिशाची धूळ नाकातोंडाने जाणं हा मेथी खाण्यापेक्षा सरळ धोका.

मेथी पेरली.

६ एप्रिल

अ, ब, ड मध्ये मेथी वर आली. क मध्ये दोन्ही कुंड्यांत एकही नाही. बी उकरून बघितलं, फुगून कुजलेलं. पीएच ४.३! तीन पाण्यांनंतर कोळशाच्या छिद्रांत उरलेलं आम्ल हळूहळू बाहेर आलं. मातीत आधीच चुनखडी उरलेली नव्हती, बॅटरीच्या आम्लाने ती संपवलीय. चांगली काळी माती असती तर कदाचित हे पचवलं असतं.

४ मे

सात हजार दोनशे रुपये पाण्यात.

आठही कुंड्यांची माती तपासायला दिली होती. फॉर्मवर मी लिहिलं, "शिसं". त्यांनी मातीतलं एकूण शिसं काढलं. आकडे ४०५ ते ४२८, सगळ्या कुंड्यांत जवळजवळ सारखे. सारखेच असणार! शिसं कुठे जाणार होतं? तीव्र आम्लात माती उकळून विरघळवली की कोळशाने धरलेलंही मोजलं जातं. चूक पूर्णपणे माझी. जानेवारीतच मी या वहीत लिहिलंय की कोळसा शिसं बाहेर काढत नाही, आणि मे महिन्यात तेच मोजायला दिलं.

हवी होती ती डीटीपीए (धातूला धरणारं एक रसायन) पद्धत. १० ग्रॅम माती, ७.३ पीएचचं २० मिली द्रावण, दोन तास हलवायचं, गाळायचं आणि गाळलेल्यात किती धातू आला ते बघायचं. लिंडसे आणि नॉर्वेल यांनी ती १९७८ मध्ये मांडली, जस्त-लोहासारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं मोजायला. शिशासाठीही वापरतात. रोपाला सहज मिळू शकणारा भाग किती, याचा अंदाज येतो. फॉर्मवर स्वतःच्या हाताने "डीटीपीए निष्कर्षित शिसं" लिहा आणि काउंटरवरच्या माणसाकडून वाचून घ्या.

१७ मे

पुन्हा आठ नमुने, ८,८०० रुपये. दोन-दोन कुंड्यांची सरासरी, किलोला मिलिग्रॅम:

अ (नुसती माती) ४६
ब (साधा कोळसा) २७
क (कमी धुतलेला) ४९
ड (नीट धुतलेला) २४

मी बराच वेळ ब आणि ड कडे बघत बसले. बरणीत केवढा फरक होता! एक निळी, एक पांढरी. मातीत फरक तीन मिलिग्रॅमचा.

मिथिलीन ब्लूचा रेणू मोठा, तो कोळशाच्या छिद्रांत अडकतो. जितकी छिद्रं, तितकं पाणी स्वच्छ. सक्रियीकरण म्हणजे ही छिद्रं वाढवणं. शिशाचं तसं नाही. त्याला कोळशाच्या पृष्ठभागावरचे ऑक्सिजनचे गट, राखेतला क्षार आणि फॉस्फेट लागतात. आणि धुण्यात मी राखच घालवली होती! साध्या कोळशात ती होती, म्हणून तो जवळजवळ बरोबरीला आला.

खर्च मांडला. सक्रिय कोळशाच्या एका किलोला अडीच किलो आम्ल, म्हणजे ४५० रुपये, वर लाकूड आणि माठ. ५०० धरा. साधा कोळसा टेम्पो आणि लाकडासह तीसच्या आसपास. एका गुंठ्याला १ लाख ८० हजार विरुद्ध ११ हजारांच्या आत. एका वाफ्यापुरता सक्रिय कोळसा धुवायलाही आठशे लिटर पाणी. पाण्याच्या गाळणीसाठी करायचा असेल तर जरूर करा. मातीसाठी मी तो सोडला.

१८ मे

तीन वाफे केले. पहिला रिकामा. दुसऱ्यात ७.२ किलो साधा कोळसा. तिसऱ्यात तेवढाच कोळसा आणि सिंगल सुपर फॉस्फेट. आम्लातून येणारं फॉस्फेट खताच्या गोणीतून घेतलं तर?

किती घालायचं त्याचा हिशेब. वाफ्यात ३६० किलो माती, त्यात साधारण १५० ग्रॅम शिसं. पायरोमॉर्फाइटमध्ये शिशाच्या पाच अणूंमागे फॉस्फेटचे तीन. त्या प्रमाणात १६ टक्क्यांचं सुपर फॉस्फेट २०० ग्रॅम पुरतं. पण सगळं फॉस्फेट शिशापर्यंत पोचत नाही, म्हणून चौपट, ८०० ग्रॅम. खत म्हणून हा डोस फार मोठा आहे, पिकासाठी कोणी असा टाकू नये.

त्याआधी आर्सेनिक तपासून घेतलं. बॅटरीच्या जाळीच्या मिश्रधातूत अँटिमनीबरोबर थोडं आर्सेनिकही असू शकतं, आणि फॉस्फेट त्याला मातीपासून सोडवतं. इथे ते नगण्य निघालं. नसतं निघालं तर तिसरा वाफा केलाच नसता.

२५ मे

मेमध्ये वाफे करताना मनात होतं की पावसाला तीन आठवडे आहेत. २० तारखेला संध्याकाळी धो-धो कोसळला. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर दोन्ही वाफ्यांच्या खालच्या टोकाला काळी साय, वर नुसती माती. कोळसा भिजवून घातला होता, तरी बारीक भुकटी तरंगून वाहिली. थोडी पहिल्या, रिकाम्या वाफ्यातही शिरली, म्हणजे तुलनेचा वाफाच बाटला.

आज सगळं पुन्हा. वाफ्यांना विटेचे बांध, मध्ये हातभर चर. वाहिलेला कोळसा खरवडून परत घातला, रिकामा वाफा नव्या जागी. वर पाचटाचं आच्छादन. बोलता बोलता उद्या-परवा मान्सूनच येतोय म्हणतात.

दादा पाचट पसरता पसरता म्हणाला, "अगं, एक विचारू? माती आंबट झालीय म्हणतेस. मग नुसता चुना टाकला असता तर?"

मी म्हटलं, "चुना वेगळा, कोळसा वेगळा." उत्तर बरोबर नव्हतं. घरी येताना गाडीवर तेच डोक्यात. पीएच वाढला की शिसं तसंही कमी विरघळतं. कोळशाच्या राखेनेही पीएच वाढतोच. माझ्या आठ कुंड्यांत चुन्याची एकही नाही.

८ जून

पालक पेरला. उरलेल्या पट्ट्यात वहिनींनी झेंडूची रोपं लावली. झेंडू खायचा नसतो, हा त्यांचा मुद्दा, आणि तो बिनतोड आहे.

३ ऑगस्ट

पालकाचा अहवाल. २० जुलैला काढला, तीन पाण्यांनी धुऊन दिला. ताज्या पानांत किलोला मिलिग्रॅम शिसं, रिकामा वाफा ०.७१, कोळसा ०.४२, कोळसा आणि फॉस्फेट ०.३४. मी पट्टी धरली ती कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची पालेभाज्यांसाठीची सर्वसाधारण मर्यादा, ०.३.

"चार शतांशाने नापास? ग्रेस मार्क देऊन टाक," दादा म्हणाला. वहिनींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. पालक काढून गोणीत भरला आणि ताडपत्रीच्या कोपऱ्यात ठेवला. तो म्हशींना घालायचा नाही, खतातही नाही.

न धुतलेल्या पानांचा एक नमुना द्यायला हवा होता. पालेभाजीवर बरंच शिसं मुळातून नाही, पावसाच्या शिंतोड्यांनी पानावर उडालेल्या मातीतून येतं. पाचट नसतं तर आकडे याहून वाईट असते असं माझं मत, पण त्याचा पुरावा मी गोळा केला नाही.

१० ऑगस्ट

दादाच्या प्रश्नासाठी चार कुंड्या. नुसती माती, ८ ग्रॅम चुना, ८० ग्रॅम कोळसा, चुना आणि कोळसा दोन्ही. पेरलं काही नाही, फक्त ओल राखायची, सहा आठवडे.

५ ऑक्टोबर

डीटीपीए शिसं: नुसती माती ४५, चुना ३३, कोळसा २८, दोन्ही २१. चुन्याच्या कुंडीचा पीएच ७.२.

म्हणजे कोळशाने जे कमी केलं त्याच्या निम्म्याहून अधिक काम आठ ग्रॅम चुन्याने केलं. त्या चुन्याची किंमत काढायचीही लाज वाटते. एकच कुंडी प्रत्येकाची, त्यामुळे फार ताणणार नाही, पण पुन्हा करायचं झालं तर मी चुन्यापासून सुरू करेन, मग साधा कोळसा घेईन; माठाच्या वाटेला मात्र जाणारच नाही. कोळसा कामाचा आहेच, चुना पावसाने आणि पिकाने हळूहळू संपतो, कोळसा वर्षानुवर्षं टिकतो. पण आधी चुना.

एकूण खर्च तेहतीस हजारांच्या वर. त्यातले २७,६०० नुसते तपासणीचे, आणि त्यातलेही ७,२०० फॉर्मवर एक शब्द कमी लिहिल्याचे.

तिसऱ्या वाफ्यात आता चुना घातलाय. पुढचा पालक जानेवारीत. नवी चिपाडं काका फेब्रुवारीशिवाय देऊ शकणार नाहीत, पावसाळ्यापासून रसवंती बंद आहे. वहिनींची मेथी तोवर गच्चीवर, विकत आणलेल्या मातीच्या कुंड्यांत.

झेंडू मात्र जोरात आला. दसऱ्याला दाराला त्याचंच तोरण होतं. काल सुकल्यावर दादा ते खताच्या खड्ड्यात टाकायला निघाला होता. वहिनींनी हातातून घेतलं आणि पालकाच्या गोणीत कोंबलं.